अर्धी दाढी

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले तीन दात पडोत.

तर न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या डाव्या गालावरून वस्तरा फिरवला, फडक्याला पुसला, तेवढ्यात दुकानाचं दार धाडकन उघडलं. एवढ्या जोरात, की फळीवरच्या बाटल्यांनी आपापसात जागा बदलल्या. आत आली कॅन्सरच्या दवाखान्यातली नोंदवाली. दोन बस बदलून आलेली, घामाघूम, काखेत आजाऱ्यांच्या नावांची जाडजूड वही.

"वाटाणा कुठंय?"

वाटाणा म्हणजे न्हाव्याची सात वर्षांची लेक. औषधांनी डोक्यावरचा केस न् केस गेला, तेव्हा हे नाव चिकटलं. ती रिकाम्या खुर्चीत बसून नव्या केसांत कंगवा उभा राहतो का बघत होती. राहत नव्हता.

"ही काय!" न्हावी म्हणाला. "बघा कसं पीक आलंय! ठणठणीत आहे. काल तर मास्तरांना चावली."

"रक्ताचा कॅन्सर केस बघून जात नाही, दादा. अजून आठ महिने औषधं आहेत. तीन तारखा चुकल्यात तिच्या."

"पुरे झालं की, बाई. पोरीच्या जातीला किती दवाखाना करायचा?"

कोपऱ्यात न्हाव्याची म्हातारी आई बसली होती. गरीब गाय. ती चकार शब्द बोलली नाही.

नोंदवाली बाकावर टेकली. तिच्या खोलीत भिंतभर नकाशा आहे. आजारी मुलगा आला की निळी टाचणी, मुलगी आली की पिवळी. दोन निळ्यांमागे एक पिवळी, तीही ओढूनताणून.

"आजार एवढा भेदभाव करत नाही हो," ती म्हणाली. "मुलींना आणतातच कमी. आणि आणलेल्या उपचारातून कधी गळतात, तेही मला पाठ झालंय. केस उगवले की! मग आजार परत येतो, तो दुप्पट जोरानं."

"हो, हो," म्हणत न्हावी ब्रशनं फेस करत राहिला. इतका फेस केला, की वाटीतून उतू जाऊन आरशापर्यंत पोचला.

मग नोंदवाली उठली आणि तिनं गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं कापड ओढून काढलं.

"उठा काका. झाली तुमची दाढी."

"अहो बाई, अर्धीच झालीय!" न्हावी ओरडला.

"डावा गाल गुळगुळीत आहे की. पुरे झालं."

"पुरे कसं? हा असा बाहेर गेला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील! हातात घेतलेलं काम मी आजवर कधी अर्ध्यावर..."

वस्तरा हातातच राहिला.

वाटाण्यानं कंगवा खाली ठेवला.

"बाबा, आधी काकांचं पुरं करणार की माझं?"

न्हाव्यानं वस्तरा मिटला, पोरीला काखोटीला मारलं आणि नोंदवालीच्या मागोमाग बसकडे पळाला. गिऱ्हाईक फेसासकट मागे धावलं, पण बस सुटली. न्हावी परतेपर्यंत तो बिचारा तीन दिवस सगळ्यांशी डाव्या बाजूनंच बोलत होता.

आठ महिने झाले, वर सहा वर्षं झाली. वाटाण्याच्या वेण्या आता कमरेला लागतात. नाव मात्र तेच.

तुम्ही म्हणाल, अर्ध्या दाढीचं म्हातारीनं रचलं. नाही हो! तो माणूस अजून धुसफुसतो, दाढी दुसरीकडे करतो. रचलंय ते एकच. ते पोरीच्या जातीचं न्हावी बोललाच नव्हता. ती कोपऱ्यातली गरीब गाय बोलली होती.

तेव्हा माझ्या लेकाला नावं ठेवू नका. दात आता दोनच उरलेत.