वीतभर अंतर

वीस वर्षं फाइटमास्तरने दुसऱ्यांच्या सिनेमांत माणसं पाडली, स्वतः पडला, दोन बरगड्या मोडून घेतल्या. आणि निर्मात्याने दिग्दर्शन दिलं कुणाला? तर मास्तरच्याच धाकट्या भावाला, ज्याने आजवर साबणाच्या जाहिरातींपलीकडे काही केलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर धाकट्याचं नाव रंगवलेलं पाहिलं आणि थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र म्हणाला, "वा! घराण्याचं नाव काढलंस."

सिनेमा चिमूटभर पैशांचा, एका रिकाम्या गोदामात सतरा दिवसांत उरकायचा. पहिल्याच मारामारीला धाकट्याने कॅमेरा ठेवला बरोबर बाजूला. आता, पडद्यावरचा ठोसा काही लागत नसतो. तो हनुवटीपासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे असला की ती वीत लपते. बाजूला ठेवला की आंधळ्यालाही दिसते.

"दादा, इथे ठीक आहे ना?" धाकट्याने विचारलं.

एक 'नाही' पुरलं असतं. पण थोरल्याची नजर त्या खुर्चीवर गेली. पडू दे तोंडावर, त्याला वाटलं, म्हणजे पुढचा सिनेमा आपसूक आपल्याकडे येईल.

"झकास," तो म्हणाला. सतरा दिवस धाकटा विचारत राहिला आणि हा झकास म्हणत राहिला.

पहिल्याच खेळाला लोक हसून हसून बेजार झाले. नायक ठोसा मारायचा हवेत आणि गुंड जाऊन आपटायचा भिंतीवर. थोरल्याच्या मनात उकळ्या फुटत होत्या. मध्यंतरात निर्माता तावातावाने आला, तो थेट त्याच्यापुढेच.

"मास्तर, वीस वर्षं हेच केलंत? पोरगा नवखा आहे, शिकेल. तुम्ही मात्र यापुढे घरीच बसा."

"दादाला काही बोलू नका," धाकटा मध्ये पडला. "कॅमेरा मी ठेवला होता. आणि चुकलं असतं तर दादाने मला सांगितलं नसतं का?"

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून तो आईशेजारी जाऊन बसला. लेकाची मारामारी बघवत नाही म्हणून तिने त्याचा एकही सिनेमा कधी पाहिला नव्हता. आज ती धाकट्यासाठी आली होती. दिवे मालवले, पुन्हा ठोसे सुरू झाले. थोडा वेळ तिने निरखून पाहिलं, मग त्याच्या कानाशी लागली.

"का रे, यात कुणाला लागतच नाही? मग मी वीस वर्षं तुझं अंग शेकत बसले, ते कशासाठी?"