तीन की आठ

कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढून तिने भिंतीला टेकवलं आणि आत काय काय आहे ते मोजून घेतलं. पंखे तीन, तिन्ही फिरत होते. मेमरीच्या पट्ट्या दोन, घट्ट बसलेल्या. हार्ड डिस्क एक. बाहेर बशीत चार स्क्रू, बाबांचा एक पेन ड्राइव्ह आणि एक कागद. कागदावर बाबांच्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात, जणू छापलेल्या, नऊ पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. पडद्यावर मात्र काहीच नव्हतं.

"काय म्हणतात शास्त्रीबुवा?" खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबांनी विचारलं. तिने प्रयोगशाळेत नोकरी धरल्यापासून ते तिला याच नावाने हाक मारत.

"अजून काही म्हणत नाहीत."

"म्हणणार काय! मेंदूच गेलाय मशीनचा. तुझ्या आईची कृपा."

"हो, माझीच," स्वयंपाकघरातून आवाज आला. "साऱ्या जगाची बटणं मीच बंद करत फिरते."

झालं होतं ते असं. जुन्या ऑफिसातून बाबांना अजून महिन्याला दोन-तीन ड्रॉइंग येत. मोठं ड्रॉइंग उघडलं की मशीन अडकून बसायचं. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं की आतल्या चिपमधला मजकूर नवा करा. मशीन चालू झालं की सगळ्यात आधी याच चिपचं ऐकतं. तिच्यात चुकीचं किंवा अर्धवट काही लिहिलं गेलं तर बाकी सगळं धडधाकट असूनही ते मुकं होतं. म्हणूनच हे काम चाललेलं असताना वीज जाता कामा नये. आणि परवा सकाळी नेमकं ते चाललेलं असताना आईने भिंतीवरचं बटण बंद केलं. निदान आईचं म्हणणं तसं होतं. कुणाला ते खोटं वाटायचं कारण नव्हतं. खोलीतून बाहेर पडताना बटणं बंद करणं हा तिचा जन्माचा स्वभाव. आत माणूस बसलेला आहे हे तिला अंधार झाल्यावर कळायचं.

तेव्हापासून बाबा आईशी तिसऱ्याच कुणाला उद्देशून बोलत होते, आणि आई ते निमूट ऐकून घेत होती. हे दुसरं मुलीला जास्त खटकलं. आई ऐकून घेणारी नव्हे.

वीज गेल्याने बिघडलेली चिप पुन्हा लिहिता येते. पेटीच्या मागे त्यासाठी एक छोटं बटण होतं. तिने बाबांचाच पेन ड्राइव्ह लावला, बटण तीन सेकंद दाबून धरलं आणि घड्याळ पाहिलं. बारीक दिवा लुकलुकू लागला. पाच मिनिटं चाळीस सेकंदांनी विझला. तिने मशीन चालू केलं. पंखे फिरले, पडदा काळाच.

तिने पुन्हा तेच केलं. पुन्हा पाच मिनिटं चाळीस सेकंद. पुन्हा काळा.

म्हणजे मजकूर पूर्ण लिहिला जात होता. दोन्ही वेळा, तेवढाच वेळ घेऊन. चूक विजेची असती तर एव्हाना मशीन उठायला हवं होतं.

तिने बाबांचा कागद जवळ ओढला. प्रत्येक आवृत्तीची फाईल वेगळी असते. दुसरी पायरी: बोर्डाची आवृत्ती पाहणे, 1.3. पुढे खूण. तिने टॉर्च घेतली आणि पेटीत डोकं घातलं. बोर्डाच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईत, मुंगीएवढ्या इंग्रजी आकड्यांत छापलं होतं: 1.8.

तिने बोट ठेवून आकडा पुन्हा वाचला. मशीन चालू करून त्याच्या सेटिंगमधून नवा मजकूर भरायला गेलं तर ते आधी फाईल तपासतं आणि भलतीच असेल तर नाकारतं. मागच्या बटणाने भरला तर जे पुढ्यात येईल ते गिळतं. बाबांनी सोपा मार्ग म्हणून मागचं बटण वापरलं होतं.

"सापडलं का काही?" बाबांनी विचारलं.

"पाणी पिऊन येते," ती म्हणाली.

आई ओट्याशी लसूण सोलत होती. मुलीने दार अर्धवट लोटलं.

"आई, परवा बटण तू बंद केलंस?"

"किती वेळा विचारशील? केलं म्हटलं ना."

"कुठलं? डावीकडचं की उजवीकडचं?"

आईने एक पाकळी सोलली, दुसरी घेतली. "मला काय माहीत डावं-उजवं. जे होतं ते."

"कॉम्प्युटरचं बटण टेबलाच्या मागे आहे. हात घालायला टेबल ओढावं लागतं."

 आईने बोटांना चिकटलेलं साल नखाने काढलं.

"मी खाली दुकानात गेले होते," ती हळूच म्हणाली. "परत आले तर दार उघडून ते पुन्हा जाऊन नुसते बसले. दोन्ही हात मांडीवर. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, माझ्याच हातून काहीतरी गेलं. अगं, इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नाही. जेवायला उठेनात. मग मी म्हटलं, अगोबाई, मघाशी जाताना मीच तर बटण बंद केलं!"

"मग?"

"मग काय, रागावले. चांगले तासभर रागावले." आईच्या चेहऱ्यावर किंचित समाधान दिसलं. "नंतर पोटभर जेवले."

मुलीला हसू आलं आणि ते तिथेच अडकलं.

"त्यांनी आकडा चुकीचा वाचला, आई. आठाचा तीन."

"मला वाटलंच होतं असं काहीसं. हल्ली पडद्यावर सगळं एवढं मोठं करून बघतात, की एका वेळी एकच खिळा दिसतो." तिने मुलीच्या मनगटावर हात ठेवला. "तू नीट कर आणि गप्प बस. मला बोलणी खायची सवय आहे."

ती परत आली. स्वतःच्या लॅपटॉपवर तिने 1.8 ची फाईल उतरवून घेतली, पेन ड्राइव्हवर चढवली, मागचं बटण दाबलं. बाबा खुर्चीतून उठून तिच्याशेजारी येऊन बसले. दिवा लुकलुकत होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

दिवा विझला. तिने मशीन चालू केलं. पडदा आधी राखाडी झाला, मग त्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं.

"वा!" बाबा म्हणाले. मग थांबून, "फाईल कुठली घातलीस?"

तिने केबल गुंडाळायला घेतली.

"माझी फाईल बरोबर असती तर पहिल्याच फटक्यात उठलं असतं. तू दोनदा केलंस ते मी मोजलं."

"बाबा, आईने बटण..."

"तुझी आई घरात नव्हती. दार लावून घ्या म्हणाली, मी उठून कडी लावली आणि मगच काम सुरू केलं."

तिने केबल खाली ठेवली. "मग दोन दिवस तिला बोलताय ते?"

"एवढी सजवून थाप मारली बिचारीने. तिला खोटं कसं पाडू?" ते कागदाकडे बघत होते. "चूक कुठे ते मात्र मला सापडेना. पाच वेळा सगळं तपासलं. कुठली पायरी?"

"दुसरी."

"किती आहे?"

"आठ."

"आठ," ते म्हणाले. टॉर्च घेऊन ते पेटीत वाकले, चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं आणि टॉर्च विझवली. "मला आत्तासुद्धा तीनच दिसतोय."

टॉर्च त्यांनी टेबलावर ठेवली. 

"मागच्या महिन्यात तीन ड्रॉइंग पाठवली मी," ते म्हणाले. "मापं घालून."

"आपण ती परत तपासू. मी वाचीन, तुम्ही सांगा."

"ते करूच. पण आधी किती बिघडलंय ते कळायला हवं. नुसतं अंधूक दिसतं म्हणून डॉक्टरकडे जायचं? माप घेऊन गेलेलं बरं."

त्यांनी ड्रॉइंगचा प्रोग्रॅम उघडला. या वेळी तो अडकला नाही. कोऱ्या पानावर त्यांनी सहा ओळी आखल्या, ड्रॉइंगवर अक्षरांची जी ठरलेली उंची असते त्या मापांच्या: अडीच मिलिमीटर, साडेतीन, पाच, सात, दहा, चौदा.

"आकडे तू भर. तीन आणि आठच. क्रम मला कळता कामा नये."

तिने नाणं उडवून क्रम ठरवला, पान छापलं आणि बाबांच्या डोळ्यांपासून चाळीस सेंटिमीटरवर धरलं. बाबांनी डावा डोळा झाकायला हात उचलला, पण त्याआधीच दुसरा हात तिथे आला होता. आई कधी येऊन मागे उभी राहिली होती ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"बोटांच्या फटीतून बघायचं नाही," आई म्हणाली.

"तुझ्या हाताला लसणाचा वास येतोय."

"वाचायचंय डोळ्यांनी. नाक मिटून घ्या."

बाबा खालून वर वाचत गेले. चौदा, दहा, सात. आवाज हळूहळू मंदावला. एका ओळीशी ते अडखळले, मागे गेले, पुन्हा आले. आईने हात बदलून दुसरा डोळा झाकला. या वेळी ते लवकर थांबले. तळहात आईने लगेच काढला नाही. डोळ्यावरून तो त्यांच्या कपाळावर सरकला आणि तिथेच राहिला.

मुलीने पानाच्या कडेला तारीख घातली आणि खाली लिहिलं.

चष्म्यासह, अंतर चाळीस सेंटिमीटर. वाचता आलेली सर्वांत लहान ओळ. उजवा डोळा, साडेतीन मिलिमीटर. डावा, दहा.