सरुबाईची राखण

सरुबाईला सुनेचं काहीच पटत नव्हतं. अनिता परभणीकडची, चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला जाणारी. तिच्या हातचं खाऊनच लेकाच्या, ऋतिकच्या किडन्या गेल्या, असं सरुबाई गावभर सांगत सुटायची. किडन्या गेल्या रक्तदाबानं, पण हिला सांगणार कोण, आणि ही ऐकणार कधी?

आठवड्यातून तीनदा ऋतिक पिंपरीला डायलिसिसला जायचा. आता सरुबाई त्याला आपली किडनी देणार होती. तपासण्या जुळल्या होत्या. तोवर डॉक्टरांची एकच ताकीद होती. "रक्त चढवायची वेळ येऊ देऊ नका. परक्या रक्तानं शरीर बिथरतं, मग ते आईचीही किडनी झिडकारेल."

रक्त तयार करा, असा निरोप हाडांना किडनीच धाडते. ऋतिकच्या अंगात तो हार्मोनच बनत नव्हता, म्हणून दर आठवड्याला त्याचं इंजेक्शन. ते घरी थंड ठेवायचं आणि थर्मासातून सेंटरला न्यायचं.

अनिताने इंजेक्शनची डबी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवली तशी सरुबाईने नाक मुरडलं. तीस वर्षं पिंपळे गुरवला दूध घातलेली बाई ती. उरलेल्या पिशव्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, थेंबभर कधी नासलं नाही. आणि ही कालची पोर तिला थंड ठेवायला शिकवणार? "सुईचं मी बघते, तू तुझी शिफ्ट बघ," म्हणत तिने डबी ताब्यात घेतली आणि बर्फाच्या कप्प्यात दुधाच्या पिशव्यांखाली पार तळाशी सरकवली. थर्मासात वितळायला पिंपरीपर्यंतचा रस्ता पुरेसा होता, त्यामुळे नर्सलाही काही कळलं नाही.

ऋतिकचं हिमोग्लोबिन नवाचं सात झालं, सातावरून पाच. डॉक्टरांनी डोस वाढवला. सरुबाईने सुनेचा उद्धार केला. "पोराला उपाशी मारतीस व्हय गं?" शेवटी जिना चढताना ऋतिक कोसळला आणि दोन बाटल्या रक्त चढवावंच लागलं.

महिन्याभराने पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. "त्याचं रक्त आता आईच्या पेशींवर उठतंय. ही किडनी बसवता येणार नाही. इंजेक्शन लागू का पडलं नाही, तेच मला कळत नाही. ठेवत कुठे होता?"

सरुबाईने पदर सावरला. सुनेची लायकी दाखवायची आयतीच संधी होती.

"हिच्यावर सोडलं असतं तर कवाच नासलं असतं. म्या बर्फात ठिवायची, पार दगड व्हईस्तवर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोठलं की ते इंजेक्शन वाया जातं, आजी. तीन महिने त्याला नुसतं पाणी टोचलं आपण."

ऋतिक आईकडे बघत राहिला. आता सून वाभाडे काढणार, म्हणून सरुबाई मान खाली घालून बसली. काढले असते तर बरं झालं असतं. अनिताने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझी किडनी चालते का, बघा," ती डॉक्टरांना म्हणाली. "आणि इंजेक्शनं इथंच ठेवून घ्या. आमच्या घरी सांभाळणारं कुणी नाही."