कानबाई काठावरच थांबली

आमच्या थोरल्या जाऊबाई प्रमिलाअक्का आणि मी भांडलो नाही, असा सण आमच्या घरात कधी उजाडलाच नाही. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या कानबाईला आम्ही भांडलो ते अख्ख्या गावासमोर, आणि तेही माझ्या डोक्यावर देवी असताना!

श्रावणातल्या रविवारी आम्ही नारळाला डोळे, नथ लावून कानबाई बसवतो, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतो. पांझरेच्या पात्रात मधोमध वाळूचा उंचवटा आहे. तिथे पाट मांडून आरती करायची आणि मग देवी पाण्यात सोडायची, ही घराण्याची रीत. त्या वर्षी देवी डोक्यावर घ्यायचा मान माझा होता.

माझा जीव मात्र शनिवारपासूनच थाऱ्यावर नव्हता. आदल्या वर्षी पावसानं ओढ दिली आणि आमच्या काळ्या रानाला अशा भेगा पडल्या, की माझा विळा एका भेगेत पडला तो पडलाच. तेव्हा कानबाईच्या रात्री धो धो कोसळला, तरी सकाळी नदीत घोटा बुडेना. सगळं पाणी रानानंच पिऊन टाकलं होतं. यंदा पंधरवडाभर झड लागलेली, भेगा केव्हाच मिटलेल्या. शनिवारी मी कपाशीत बादलीभर पाणी ओतून पाहिलं. जरा वेळ तसंच साचून राहिलं आणि मग सरीतून वाहत नाल्याला लागलं. म्हटलं, झालं! आता जे पडेल ते सरळ नदीत.

रविवारी रात्रभर वर पिंपळनेरकडे विजा चमकत होत्या. सोमवारी मात्र लख्ख ऊन. डफ वाजवत आम्ही काठावर आलो. अक्कांची लेक बेबा पाट घेऊन आधीच पुढे गेली होती आणि मधल्या वाळूवर बसून रांगोळी काढत होती. पाणी पोटरीपर्यंतच होतं, पण गढूळ झालं होतं.

मी काठावरच थांबले.

"उतर ना वं," अक्का म्हणाल्या.

"मी नाही उतरणार. इथंच आरती करू. बेबाला वर बोलवा."

"येडी शे का तू? मांगला साले यानापेक्षा जास्त पडना व्हता. काय व्हयनं?"

"मागच्या साली रान तहानलेलं होतं, अक्का. यंदा त्याचं पोट भरलंय. तेवढाच पाऊस आता कुठे जिरणार?"

"मोठी आली शहाणी! बठ्ठा गाव वाट देखी ऱ्हायना!"

"देखू द्या."

बायका कुजबुजायला लागल्या. कुणी म्हणालं, देवी कोपेल. मी म्हटलं, कोपू दे, माझ्यावर कोपेल. पाय रोवून उभी राहिले. देवी माझ्या डोक्यावर, आणि पाट मांडणारी सोडली तर देवीच्या पुढे कुणी उतरायचं नाही, हीसुद्धा रीतच! मान अवघडली, पण मी हलले नाही. शेवटी अक्कांचा पारा चढला. कमरेवर हात ठेवून त्या नदीकडे ओरडल्या, "बेबा, पाट उचल आणि वर ये वं! हाई बाई काय उतरत नही!"

बेबा पाय आपटत आली. "काकू, माझी सगळी रांगोळी वाया घालवली तुम्ही!" म्हणून माझ्यावरच डाफरली.

तिचं बोलणं संपतंय न संपतंय तोच वरच्या वळणाकडून घरघर ऐकू आली. आधी काटक्या आल्या, मग अख्खी बाभूळ मुळासकट, आणि मागून तांबडं पाणी. वाळूचा उंचवटा बघता बघता दिसेनासा झाला. डफ थांबले.

अक्कांनी बेबाला असं आवळून धरलं की पोरगी कळवळली. इतका वेळ राग होता, भीती आता आली. पाणी चढत चढत आमच्यापाशी आलं, तेव्हा मी तिथंच वाकून कानबाई सोडली आणि ढसाढसा रडले.

अक्का बेबाचा हात धरून तडक घरी निघून गेल्या. त्यांचा स्वभावच तो, चूक कबूल करायची म्हणजे जिवावर येतं.

पुढच्या वैशाखात बेबाचं लग्न झालं. श्रावणात कानबाईच्या आदल्या शनिवारी मी बादली घेऊन रानात गेले, तर अक्का माझ्या आधीच तिथे. पाणी ओतून, गुडघ्यांवर हात टेकून सरीकडे टक लावून बघत होत्या.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "जिरलं का नाही ते तूच सांग. उद्या बेबा येणार आहे कानबाईला."