भिंतीवरच्या बाई

स्वतंत्र खोली नसेल तर चित्रकला बंद, असं पत्र चित्रकलेच्या बाईंच्या हातात पडलं. बावीस वर्षं त्या पहिली-दुसरीच्या मुलांना रंग शिकवत आल्या होत्या, कधी जिन्याखाली, तर कधी सायकलींच्या शेडमध्ये. तेव्हा कुणाला खोली आठवली नाही! आता मात्र तपासनीस येणार, खोली मोजणार, आणि ती नसेल तर बाई कार्यालयात फायलींना भोकं पाडत बसणार. बाईंना दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

मुख्याध्यापिकांनी हात वर केले. "खोली काय मी खिशातून काढू?"

बाईंनी दुसरीच्या वर्गात हे सगळं सांगितलं. मुलांना त्यात काही अडचण आहे असं दिसलंच नाही. व्हरांड्याच्या टोकाला मोठी पांढरी भिंत मोकळीच होती. तीन दिवसांत एकतीस मुलांनी तिच्यावर खोली काढली: दार, दोन खिडक्या, कपाट, टेबल, पाण्याचे डबे आणि छताला गरगर फिरणारा पंखा. बाईंना वाटलं, निदान पोरांची हौस बघून तरी तपासनीसांना दया येईल.

दया कसली! तपासनीस आले, टेप काढली आणि भिंत मोजायलाच लागले. लांबी लिहिली, उंची लिहिली, रुंदीच्या रकान्यापाशी जरा घुटमळले आणि "पुरेशी" असं लिहून मोकळे झाले.

"खिडक्या दोन. उजेड?"

"सूर्य काढलाय ना," एक मुलगी म्हणाली. "तो काय खिडकीत."

"ठीक. आणि हा पंखा उगाच कशाला चालू ठेवलाय?"

मुलगी पळत गेली आणि पंख्याखाली एक बटण काढून आली. तपासनीसांचं समाधान झालं. बाईंना हसावं की रडावं कळेना, पण आनंदाने त्यांचा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोला.

"खोली उत्तम," तपासनीस म्हणाले. "पण खोलीत शिक्षक दिसत नाहीत."

"अहो, मी आहे की!" बाई म्हणाल्या.

"तुम्ही व्हरांड्यात आहात. इथे लिहिलंय, खोलीत."

पोरं बिचारी मदतीला धावली. बघता बघता त्यांनी टेबलाशेजारी बाई काढल्या, निळ्या झग्यातल्या, या कानापासून त्या कानापर्यंत हसणाऱ्या. तपासनीसांनी बरोबरची खूण केली. मग चष्म्यावरून खऱ्या बाईंकडे पाहिलं.

"शाळेला चित्रकलेचं एकच पद मंजूर आहे. ते भरलं. तुम्ही कोण?"

 बाईंनी आशेने मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, तर त्या भिंतीवरच्या बाईंकडे टक लावून बघत होत्या. "रजा नाही, तक्रार नाही," त्या पुटपुटल्या, "आणि चेहरा बघा कसा हसरा!"

सोमवारपासून बाईंची रवानगी कार्यालयात. काम आवक-विभागाचं: खिडकीत येईल तो कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, नोंदवहीत विषय लिहायचा आणि पुढच्या रकान्यात काय कार्यवाही केली ते. बाई शिक्के मारत होत्या, पण कान व्हरांड्याकडे लागले होते. तिकडे दुसरीचा वर्ग भिंतीसमोर बसवला होता, आणि सगळं चिडीचूप. चित्रकलेच्या तासाला एवढी शांतता कधीच नव्हती. बाईंना ती सहन होईना.

अर्ध्या तासाने ती सूर्यवाली मुलगी खिडकीशी आली. डोळे डबडबलेले, हातात चित्र.

"त्या बाई बघतच नाहीत," ती म्हणाली. "अगदी नाकासमोर धरलं तरी नुसत्या हसतात."

बाईंनी हात पुढे केला तेवढ्यात हेडक्लार्क खेकसले, "ओ बाई! इथे चित्रं बघायची नाहीत. इथे फक्त कागद घेतले जातात."

 "कागदच आहे हा," म्हणत बाईंनी चित्र घेतलं, मागच्या बाजूला शिक्का मारला आणि वही उघडली.

"विषय काय गं बाळ?"

"आमचा मामा झोपलाय. हे हिरवं आहे ना, ते त्याचं घोरणं. आजी त्याला उठवायला गेली, तर ती पण तिथेच झोपली."

बाईंनी सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. विषय पूर्ण लिहावा, असा नियमच होता. मुलगी डोळे पुसत गेली ती थेट वर्गात सांगायला. पाच मिनिटांत खिडकीपासून फाटकापर्यंत रांग लागली, आणि मागे पहिलीतली चिल्लीपिल्लीही येऊन उभी राहिली. हेडक्लार्कांनी कपाळावर हात मारून घेतला, पण आलेला कागद परत पाठवायची सोय कुठल्याच नियमात नव्हती.

शाळा सुटेपर्यंत बाईंनी त्रेपन्न कागद घेतले. कार्यवाहीच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द होता: "बघितलं." मामाच्या ओळीत मात्र "दोनदा बघितलं" असं होतं.