फाटलं नव्हतं तिथलं ठिगळ

मी गुठळी बोलतेय. पिठातली नव्हे, रक्तातली. नाव ऐकून नाक मुरडलंत ना? मुरडा. पण आमच्या घराण्यानं तुमचा जीव किती वेळा वाचवलाय, तेवढं आधी ऐकून घ्या.

मी राहते एका शिंप्याच्या डाव्या पोटरीत. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माझी थोरली बहीण त्यांच्या अंगठ्यावर जन्मली. कापड बेतताना कात्री लागली, रक्त आलं आणि प्लेटलेट नावाच्या चिमुकल्या कणिका धावत येऊन एकमेकींना चिकटल्या. तो झाला धावदोरा. मग फायब्रिनच्या धाग्यांनी जाळं विणलं, ती पक्की शिलाई. रक्त थांबलं. आतली जखम भरत आली तसे शरीराचे उसवणारे रस आले आणि त्यांनी बहिणीचा धागा न् धागा विरघळवला. काम झालं की निघून जायचं, ही आमची रीत. मास्तरांना ती आठवतही नाही.

माझ्या नशिबी ते नव्हतं.

मास्तर जिन्यावरून घसरले, घोटा मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. डॉक्टरांनी बजावलं, "बसून राहू नका. कुबड्या घेऊन अधूनमधून चाला, पाणी भरपूर प्या." मास्तरांनी मान डोलावली आणि दुकानात येऊन पायाच्या मशीनला मोटर बसवून घेतली. शाळा उघडायच्या होत्या, गणवेशांचा ढीग पडला होता. इतकी वर्षं मशीन चालवता चालवता त्यांची पोटरी रक्त वर ढकलत होती. आता उजव्या पायानं मोटर दाबायची आणि डावा ओंडक्यासारखा स्टुलावर.

मुलगी कॉलेजला जाताना पाण्याची बाटली भरून ठेवायची. संध्याकाळी ती तशीच.

"बाबा, ही बाटली शोभेला ठेवलीय का?"

"अगं, प्यायलो की उठावं लागतं. एवढे चार सदरे होऊ देत."

"तुमचे चार सदरे कधी संपलेत?"

मास्तर हसले. मोठ्या माणसांचं हे हसणं मला मुळीच आवडत नाही. त्यात उत्तर नसतं, नुसतं दार लावून घेणं असतं.

त्या संथ, साचल्या रक्तात, शिरेतल्या झडपेमागं मी जन्मले. कुठं काही फाटलं नव्हतं. फाटलं नव्हतं तिथलं ठिगळ मी. उसवणारे आले होते, पण ते एक धागा उसवेपर्यंत दोन नवे पडायचे.

प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी टम्म सुजलेली, लालसर. मास्तरांची मोठी बहीण वाटीत तेल कोमट करून घेऊन आली.

"प्लास्टर काढलं की सूज येतेच. आमच्या यांना नव्हती आली?"

"आत्या, चोळू नकोस," मुलगी म्हणाली. "एकाच पोटरीला सूज आहे, हात लावला तर गरम लागतेय. आधी डॉक्टरांना दाखवू."

"दोन बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतेस? तुझ्या बापाला मी कडेवर वाढवलंय."

"म्हणून त्यांच्या शिरा दिसतात का तुला?"

"दोघी गप्प बसा," मास्तर म्हणाले. "उद्या जाऊ."

"उद्या नाही. आत्ताच!" म्हणत ती गाडी आणायला धावली. जाताना वाटी तेवढी उचलायची राहिली.

आत्यानं चोळायला सुरुवात केली. तिच्या हातात माया होती, खोटं कशाला बोलू? तिच्यावर धड रागावताही येत नाही. मी शिरेला घट्ट धरून होते. पण अंगठा खालून वर, खालून वर दाबत राहिला आणि माझा एक तुकडा सुटला. मांडीतून वर, हृदयातून पार, थेट फुप्फुसात जाऊन अडकला. मास्तरांनी छाती धरली. श्वास मिळेना. मुलगी गाडी घेऊन परतली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

गाडी दारातच होती, म्हणून ते वाचले.

आता त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. ती मला विरघळवत नाही, नवे धागे तेवढे पडू देत नाही. उसवायचं काम शरीराचंच. ते हळूहळू चाललंय. मी आता चिंधीएवढी उरलेय. पण मास्तरांना दुकानाच्या तीन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. आणि आत्या त्यांच्या अंगाला हात लावत नाही. पाणी देतानाही पेला खाली ठेवते.

आज पुन्हा कात्री लागली. त्याच अंगठ्याला. गोळीमुळं रक्त थांबेना.

"पोरी, लवकर ये गं!" मास्तरांनी हाक मारली. उद्या म्हणाले नाहीत.

मुलीनं स्वच्छ फडकं दाबून धरलं. दारात आत्या उभी होती, हात पदरात लपवून.

"आत्या, इकडे ये. इथं दाब."

"मी? नको गं बाई."

"इथं दाबायचंच असतं. घट्ट धर, मी डॉक्टरांना फोन लावते."

आत्यानं पदरातून हात काढला आणि अंगठा धरला.

तुम्हाला एवढंच मागते. बसल्या जागचे उठत जा, पाणी पीत जा, आणि एकच पाय सुजला तर तेलाची वाटी शोधू नका. मी तर आता जातेच आहे. पण त्या फडक्याखाली माझी धाकटी बहीण जन्माला येतेय, जिथं खरंच फाटलंय तिथं. तिला वेळ लागतोय. आत्या, तोवर हात सोडू नकोस.