आडीतला आकडा

आपलाच आकडा चुकला आहे हे सांगायला मी सभेत उभा राहिलो, आणि कुणी ऐकूनच घेईना.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या बोळातला रस्ता रुंद होणार म्हणून सहा घरं पाडून एकच चार मजली इमारत बांधायची ठरली आहे. आमच्याकडे करंट केव्हाही जातो. तेव्हा लिफ्टसाठी जनरेटर ठेवण्याऐवजी गच्चीवर दोन छोट्या पवनचक्क्या बसवाव्यात, ही बिल्डरची कल्पना. वारा पुरेल का, हे मोजायचं काम सगळ्यांनी माझ्यावर टाकलं, कारण मी वीज बोर्डातून रिटायर झालेला इंजिनिअर. मी आमच्या आत्ताच्या घराच्या गच्चीवर यंत्र लावलं, बारा दिवस नोंदी केल्या आणि रुबाबात सही ठोकली. सेकंदाला साडेपाच मीटर. लिफ्ट खुशाल चालेल.

त्याच रुबाबात मी नव्या इमारतीतलं आमच्या वाट्याचं तळमजल्याचं घर चुलत बहिणीला, भामाला, देऊन टाकलं आणि आम्हाला तिसरा मजला घेतला. माझ्या बायकोच्या, सुप्रभाच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसरा कुरकुरतोय. तिला विचारलंसुद्धा नाही.

ते बारा दिवस आडी महिन्यातले होते. आषाढ-श्रावणातला हा तमिळ महिना आला की इकडे वाऱ्याला ऊत येतो. सुप्रभा तेव्हाच म्हणाली होती, "आडीत लुगड्याला सहा चिमटे लागतात, मार्गळीत एकही लागत नाही. मार्गळीतही मोजून पाहा की." मार्गळी म्हणजे मार्गशीर्ष-पौषातला महिना. लुगडी वाळवणं वेगळं आणि वारा मोजणं वेगळं, असं मी तिला ऐकवलं. मी मूर्ख होतो, दुसरा शब्द नाही.

यंत्र काढायचा कंटाळा केला म्हणून ते गच्चीवरच राहिलं. वर्षभराची सरासरी आली दोन मीटर. वारा निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते, इथे तर निम्म्याहूनही कमी. बहुतेक दिवस पाती हलणारसुद्धा नाहीत.

हे सगळं मी सभेत तमिळमध्ये सांगितलं, मराठीत सांगितलं, फळ्यावर लिहून दाखवलं. बिल्डरकडे नोकरीला असलेला नितीन आमच्या इथल्या मराठी घरांतलाच. त्याने शांतपणे फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली.

"सार, सही तुमचीच आहे नव्हे?"

"आहे. ती चुकीची आहे म्हणूनच बोलतोय. जनरेटर ठेवा, नाहीतर सोलर बसवा."

"जनरेटरची जागा दुकानाला गेली, सार. गच्चीवर पवनचक्क्यांशेजारी हॉल येतोय, सोलरला जागा नाही. प्लॅन पास झाला. आता तुम्हीच असं म्हटलात तर कसं?"

"अण्णा उगीच भितात," मागून कुणीतरी म्हणालं. "एवढे मोठे इंजिनिअर, त्यांचा आकडा चुकेल होय?"

सगळे हसले. चुकीचा आकडा दिला तेव्हा मी देव होतो. बरोबर आकडा घेऊन आलो तर म्हातारा झालो. असा संताप आला की खडू बोटात मोडला.

भामा समोरच बसली होती. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, रोज सकाळी राजवाड्याला वळसा घालून येते. घर परत मागायला मी तोंड उघडलं.

"अण्णा, खालचं घर दिलंत, लई उपकार झाले," तीच आधी बोलली. "मी तुळशीची जागासुद्धा ठरवली."

मी फळा पुसायला घेतला. सभा चहावर आली.

दुपारी तणतणत घरी आलो. स्वयंपाकघरात सुप्रभा नव्हती. गच्चीच्या जिन्यात होती, एक हात भिंतीला आणि दुसरा गुडघ्यावर. पदराने घाम पुसत होती.

"हे काय चाललंय?"

"सवय करते. सकाळी आठ पायऱ्या झाल्या, आता अकरा." सभेचं तिने विचारलंच नाही. माझ्या चेहऱ्यावर सगळं होतं. "तिसऱ्या मजल्याला किती पायऱ्या हो?"

"चोपन्न."

"तुम्ही मोजल्यात?"

"नकाशावर. दोनदा."

"मग बरोबरच असतील," ती म्हणाली, आणि बाराव्या पायरीवर पाऊल ठेवलं.